पावती पुस्तकं छापायला देण्याआधी : वडगावच्या मंडळांना खुले पत्र

प्रति,
वडगाव, खासबाग, शहापूर आणि जुने बेळगाव परिसरातील सर्व गणेशोत्सव मंडळे, शिवजयंती मंडळे, गल्लीचे पंच, युवक मंडळे आणि महिला मंडळे

सप्रेम नमस्कार.

शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक डोळ्यांत आहे अजून. रात्रभर रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली, पाय दुखले, तरी घरी जावंसं वाटलं नाही. आता थोड्या दिवसांत गणपतीच्या बैठका सुरू होतील. मूर्ती किती फुटांची, देखावा कुठला, घरटी वर्गणी किती, हे ठरेल आणि पावती पुस्तकं छापखान्यात जातील. ती जाण्याआधी तुमच्याशी मोकळेपणाने बोलावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी या भागात 32 वर्षं बालवाडी चालवली. तुमच्यातले कितीतरी अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार माझ्याकडे पाटीवर ‘अ’ गिरवून गेलेत. कोण डबा उघडून आधी दुसऱ्याला द्यायचा आणि कोण दुसऱ्याचा घ्यायचा, हेही मला आठवतं. तेव्हा थोडं हक्काने बोलते.

2019 चा ऑगस्ट तुम्ही विसरला नसाल. सलग पाऊस लागला होता, नाला फुगला आणि खालच्या गल्ल्यांत रात्रीतून पाणी शिरलं. आमच्या घरात तेव्हा दोन यंत्रमाग चालत होते. एकावर आदल्याच दिवशी नवा ताणा, म्हणजे कापडाचे उभे दोरे, जोडलेला. पाणी घोट्याला लागलं तेव्हा आम्ही मोटारी काढायला लागलो, मोटारी निघेपर्यंत ते गुडघ्याला आलं. बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, उचलायचं तर ताणा कापावा लागणार. माझ्या दिरांनी कात्री हातात घेतली आणि परत खाली ठेवली. हजारो दोरे एकेक करून जोडलेले, त्यांच्यावर कात्री चालवायला त्यांचा हात होईना. शेवटी मी कापला. तेवढ्यात दारातून चार पोरं आत आली, कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी ते बीम खांद्यावर घेतलं, जिन्याने वर नेलं, खाली आली आणि शेजारच्या घरात घुसली. शेजारी कन्नड बोलणारं विणकराचं घर, तिथली आजी अंथरुणाला खिळलेली. तिला खाटेसकट उचलून पोरांनी शाळेत नेलं. पुढे तीन दिवस त्या शाळेत जेवण रांधलं गेलं, ते गणपतीच्या महाप्रसादाच्या भांड्यांत.

ती चारही पोरं आपल्याच मंडळाची होती. कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाचा माग खाली आहे, कुणाच्या दाराला आतून कडी असते, हे त्यांना विचारावं लागलं नाही. वर्गणीला दारोदार फिरून ते त्यांना पाठ होतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. आपल्या उपनगराची नाडी जेवढी मंडळांना कळते तेवढी कुणालाच कळत नाही. ती जाण वर्षातून अकरा दिवस आणि एखाद्या पुराच्या रात्री वापरली जाते, बाकीचे दिवस ती कट्ट्यावर बसून असते. मला ती बारा महिने हवी आहे.

मंडळांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. बेळगावचा सार्वजनिक गणेशोत्सव 1905 पासूनचा, लोकमान्य टिळकांनी झेंडा चौकात सुरू केलेला. कपिलेश्वर तलावाकडे जाणारी विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीही संपत नाही, याचा मलाही अभिमान आहे. खरं सांगायचं ते सांगते : मूर्ती दोन-चार फुटांनी लहान झाली तर देव रागावणार नाही. त्या दोन-चार फुटांचे पैसे मला विहिरीसाठी पाहिजेत.

विहिरीची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

आमच्या गल्लीच्या टोकाला घडीव दगडांची विहीर आहे. माझ्या लहानपणी तिच्यावर चार कप्प्या होत्या आणि पहाटे चार वाजल्यापासून त्यांची करकर ऐकू यायची. विणकर घरांना पाणी जास्त लागतं. सूत धुवायचं, रंगवायचं, खळ घालायची. पुढे नळ आले. राकसकोप जलाशयाचं पाणी आलं, मग हिडकल धरणाचं आलं, आणि विहिरीवरची वर्दळ कमी होत गेली. 1995 च्या टंचाईत गावातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या, तेव्हा आमचीही एकदा उपसली होती. पाऊस बरा झाला, नळ सुरळीत झाले आणि ती पुन्हा विसरली गेली. मग तिच्यात निर्माल्य पडायला लागलं, नंतर जुन्या तसबिरी, नंतर पिशव्या बांधून काहीही. आज कठड्याच्या फटीतून पिंपळ उगवलाय आणि पोरांना तिकडे खेळू नका म्हणून आम्ही ओरडतो. पलीकडच्या घरातली नव्वदीची आजी तिच्या दारातून विहिरीकडे बघत मला म्हणाली, “मी सांगतो बघ तुला, ह्या हिरीचं पाणी कदी आटलं न्हाई. खरं तिला कोण इचारतंय आता?”

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या आठ पोरांनी एका घरामागची लहान विहीर साफ केली. मोठं काही नव्हतं, पंधरा-सोळा हात खोल. तरी पाच रविवार गेले. पहिल्या दिवशी वरचं पाणी पंपाने काढलं. दुसऱ्या दिवसापासून गाळ. काळा, चिकट, वास मारणारा. खाली दोघं घमेल्यात भरायचे, वर चौघं ओढायचे, बाकीचे हातगाडीवर घालून टाकायला न्यायचे. गाळातून काय काय निघालं! तांब्याचा पेला, कंदिलाची काच, पोरांच्या गोट्या, शाळेच्या पाटीची चौकट. तिसऱ्या रविवारी घमेल्यात एक धोटा आला. हातमागावर आडवा दोरा नेणारा, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी बोंडं असलेला. मी तो नळाखाली धरून धुतला. लोखंड गंजून खडबडीत झालं होतं, लाकूड मात्र शाबूत. आत दोऱ्याची कांडी बसवायची खाच आणि दोरा बाहेर यायचं बारीक भोक, दोन्ही जसंच्या तसं. त्या भोकाच्या कडा दोऱ्याने घासून गुळगुळीत झालेल्या. किती लुगडी विणली असतील त्याने! एका पोराने विचारलं, “बाई, हे काय हाय?” तो विणकराचा नातू.

पाचव्या रविवारी तळाच्या खडकातून झरा सुटला. आधी नुसता ओलावा दिसला, मग बोटाएवढी धार. खाली उतरलेल्या पोराने वर बघून काहीतरी ओरडलं, आम्हाला शब्द कळले नाहीत, तरी सगळ्यांना कळलं. त्या पाण्यावर आता सहा घरं धुणं-भांडी करतात. प्यायला वापरत नाही, तपासून घेतल्याशिवाय वापरूही नये.

बेळगावला ही गोष्ट नवी नाही. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी खोदलेली. महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे आपल्या गावातलं. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सगळी उभारणी केली, ना. सु. हर्डीकरांनी तयार केलेले स्वयंसेवक राबले, आणि सफाईचं कामसुद्धा स्वयंसेवकांनी आपल्या हाताने केलं. शंभर वर्षं उलटली तरी ती विहीर आहे. अधिवेशनाचा मांडव एका हंगामाचा होता, तो गेला. आपला मांडवही दरवर्षी उतरतो. म्हणून म्हणते, या वर्षीच्या वर्गणीतून एक तरी गोष्ट अशी करा की मांडव उतरल्यावर ती जागेवर राहील.

विहिरीत उतरण्याबद्दल मात्र बजावून सांगते. जुनी, बंद पडलेली विहीर म्हणजे विषारी हवेचं घर. आधी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडा. विझला तर कुणीही उतरायचं नाही. नाही विझला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोघं सतत बोलत राहणारे. डिझेल-पेट्रोलचा पंप विहिरीच्या आत ठेवून चालवायचा नाही, त्याचा धूर दिव्याने कळत नाही आणि माणूस बसल्या जागी जातो. अडकलेल्याला काढायला दुसरा तसाच उतरतो आणि दोघंही जातात, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. हे काम येणारी जाणती माणसं आपल्या भागात अजून आहेत. त्यांना मजुरी देऊन पुढे ठेवा आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करा. पिंपळाचं रोपटं नुसतं तोडलं तर पुन्हा फुटतं. दगडाच्या सांध्यातून मूळ काढून सांधा चुन्याने भरावा लागतो. वर कठडा आणि लोखंडी जाळी झालीच पाहिजे. जाळी नसेल तर पुढच्या अनंत चतुर्दशीला निर्माल्य परत आत.

आणि छपरांचं पाणी. बेळगावात वर्षाला 1200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 500 चौरस फुटांच्या एका छपरावर त्याचं 50,000 लिटरहून जास्त पाणी होतं. थोडं वाया गेलं असं धरलं तरी विहिरीभोवतीच्या दहा घरांच्या पन्हाळी वाळू-खडीच्या गाळण खड्ड्यातून तिच्यात सोडल्या, तर उन्हाळ्यात तिला किती आधार होईल याचा हिशोब तुम्हीच करा. आज हेच पाणी गटारातून नाल्यात जातं आणि त्याच नाल्यातून परत आपल्या घरात येतं.

नाल्याबद्दल थोडक्यात. बळ्ळारी नाल्यातली जलपर्णी आणि गाळ काढणं हे यंत्रांचं आणि सरकारी पैशाचं काम आहे, ते मंडळांनी करावं असं मी म्हणणार नाही. पण मे महिन्यात नाला कुठे तुंबलाय हे शेतकऱ्यांबरोबर चालत जाऊन बघणं, फोटो काढणं आणि सगळ्या मंडळांच्या शिक्क्यांचं एकच निवेदन देणं तुम्हाला जमेल. एका मंडळाच्या निवेदनाला पोच मिळते, चाळीस मंडळांच्या निवेदनाला बैठक मिळते. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारातलं भात दरवर्षी पाण्याखाली जातं, लावलेली रोपं कुजतात, शेतकरी दुबार लावणी करतो. ज्या शिवारातल्या बासमतीच्या वासाने एकेकाळी बेळगाव ओळखलं जायचं, त्याच शिवाराची ही दशा. देखाव्याचा थर्माकोल त्या नाल्यात सापडतो, आपल्या मागांवरचा सुताचा गुंताही सापडतो, हे आपण आधी कबूल करूया.

आता मागाबद्दल. इथे मला लिहिताना जड जातं.

शहापूर म्हणजे लुगड्याचं गाव. बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात आणि शहापूर सांगलीच्या पटवर्धनांकडे, असा तो काळ. संस्थान विलीन झालं, दोन गावांचं एक गाव झालं, पण शहापुरी लुगड्याचं नाव राहिलं. माझे आजोबा खड्ड्याच्या मागावर बसायचे, एका लुगड्याला तीन-चार दिवस लागायचे. आई रहाटावर कांड्या भरायची, मी तिच्या मांडीवर झोपून ते ऐकायची. वडिलांनी यंत्रमाग घेतले. घरात बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, म्हणून या भागातली माणसं आजही मोठ्याने बोलतात, बाहेरच्यांना वाटतं भांडतायत. आता आमच्या गल्लीत दुपारी कुजबुजलं तरी ऐकू येतं. पुरानंतर आम्ही एकच माग पुन्हा उभा केला. दुसरा भंगारवाल्याने काट्यावर घातला आणि किलोच्या भावाने नेला. दिरांचा मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जातो. शेजारचा पुण्याला गेला, त्याच्या पलीकडचा गोव्याला. त्यांना मी परत या, मागावर बसा असं सांगणार नाही. पोट भरेल तिकडे माणूस जाणार.

पण जे अजून विणतायत त्यांच्यासाठी आपण काय करतो? मंगाई देवीच्या यात्रेचं बघा. आषाढात यात्रा आली की सगळं वडगाव घरं सारवून-रंगवून तयार होतं, पाहुण्यांनी घरं भरतात, पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी देवीच्या ओटीत किती साड्या जातात! त्यातल्या आपल्या मागावरच्या किती? मी गेल्या वर्षी पाटीवाल्यांकडे हात लावून बघितलं. पातळ, चकचकीत, सुरतेकडची. विणकरांच्या गावात, विणकरांच्या देवीला, बाहेरगावची साडी. देवी काही बोलत नाही, पण मला तिथं उभं राहवेना.

मंडळं सत्काराला शाली घेतात, मिरवणुकीला फेटे घेतात, हळदी-कुंकवाला वाणाचं कापड घेतात, मांडवाला पडदे लावतात. सगळ्या मंडळांचं हे कापड एकत्र केलं तर किती मागांना काम मिळेल? तीन महिने आधी, म्हणजे आत्ताच, आपल्याच भागातल्या विणकरांकडे मागणी नोंदवा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. आगाऊचं महत्त्व विणकराच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. सूत रोखीने घ्यावं लागतं आणि साडीचे पैसे व्यापाऱ्याकडून दोन-दोन महिन्यांनी येतात, त्या मधल्या दोन महिन्यांत माणूस कर्जात जातो. साडी थोडी महाग पडेल. पडू द्या. ओटीच्या साडीला एक बारीक काठ असा ठरवा की बघणाऱ्याला कळावं, ही वडगावची आहे. काठाचं काम जाणणारे म्हातारे हात अजून आहेत, आणखी दहा वर्षांनी नसतील.

गल्लीचं समाजमंदिर वर्षातले कितीतरी दिवस कुलूपबंद असतं. त्यात एक हातमाग उभा करा. शाळेतल्या मुलांनी शनिवारी येऊन बघावं, हात लावावा, धोटा फेकून बघावा. ज्यांना शिकायचं ते शिकतील. ज्यांना नाही, त्यांना निदान “बाई, हे काय हाय?” असं विचारावं लागणार नाही.

एक सूचना बायकांच्या वतीने. बैठका रात्री दहाला घेता, तेव्हा आमची झाकपाक चाललेली असते. पाणी भरणाऱ्या आम्ही, कांड्या भरणाऱ्या आम्ही, पुराचा चिखल काढणाऱ्या आम्ही, आणि विहिरीचा निर्णय आमच्याशिवाय? संध्याकाळी पाचला बैठक घ्या. आणि पत्रक मराठीत काढाल तसं कन्नडातही काढा. आपल्या मागवाल्यांची कितीतरी घरं कन्नड बोलतात. त्या रात्री खाटेवरून नेलेली आजी मला अजून “निमगे येनु बेकु?”, तुम्हाला काय हवं, असं विचारून ताकाचा तांब्या पुढे करते. त्या घरातल्या पोरांनाही दोराला हात लावायला बोलवा, ती येतील.

या शहराची स्मार्ट सिटीसाठी निवड 2016 मध्ये पहिल्याच यादीत झाली. रस्ते झाले, दिवे आले, चांगलंच झालं. पण फरशी बसवली म्हणून गल्ली उभी राहत नाही. ज्या गल्लीत कामाचा आवाज आहे आणि पाण्याची सोय आहे, तिथे पोरगं सून घेऊन राहायला तयार होतं. नाहीतर घराला कुलूप लागतं आणि गणपतीला चार दिवस उघडतं. तशी कुलपं आमच्या गल्लीत सात आहेत. कोणत्या घराची हे मला पाठ आहे, कारण त्या सातही घरांतली पोरं माझ्या बालवाडीत होती.

दर शंभर रुपयांच्या वर्गणीतले दहा रुपये या कामांसाठी वेगळे ठेवा आणि पावतीवर तसं छापा. हिशोब मांडवाच्या दारात फळ्यावर लिहा. लोक जास्त देतील, मी या गल्लीला ओळखते.

पाऊस सुरू व्हायला फार दिवस नाहीत. विहिरीचं पाणी आत्ता तळाला आहे, गाळ काढायचा तर हेच दिवस. टोकाच्या विहिरीचं काम आम्ही या रविवारी सकाळी सात वाजता सुरू करतो आहोत. गाळ काढणारे दोन जाणते गडी ठरवलेत. नवा दोर आणलाय, कप्पीला तेल दिलंय, कंदिलात रॉकेल भरून ठेवलंय. घमेली कमी पडतात, ज्याच्याकडे असतील त्याने आणावी. हातगाडीही एक जास्त लागेल. तो धोटा माझ्याकडे फळीवर आहे, ज्याला बघायचा त्याने दुपारी चहाला घरी यावं. आणि जुने कपडे घालून या, त्या गाळाचा डाग धुतला तरी जात नाही.

तुमची,
वडगावातली बालवाडीची बाई